आपला पक्ष कोणता?
(पेण-रोहा तालुका कार्यकर्ता शिबिरात केलेलं भाषण. बोललं तसंच लिहून काढलं आहे.)



वाडीवाडीवरून आलेल्या आजा-आजींनो, भावांनो, बहिणींनो, काही जण रात्रीच निघून डोंगर उतरून आलात, कोणी आजची मजुरी बुडवून आलात. म्हणून लांबण लावत नाही. पण विषय असा आहे की दोन मिनिटांत संपणारा नाही.

मागच्या बैठकीत पोरांनी एक प्रश्न विचारला होता. बोलले, सगळ्यांचा पक्ष आहे, आपला का नाही? मराठ्यांचा आहे, आगऱ्यांचा आहे, शेटचा आहे. आपण मोर्च्याला जातो, घोषणा देतो, आणि निवडणूक आली की दुसऱ्याचा झेंडा खांद्यावर घेतो. आपण आपलाच पक्ष काढू. त्या दिवशी हसण्यावारी गेलं. आम्ही चार-पाच जणांनी नंतर त्याच्यावर पुष्कळ बोलणं केलं, म्हाताऱ्यांना विचारलं, पुस्तकं वाचली. ते आज मांडतो.

आधी आपल्या जिल्ह्यातल्या पक्षाचं बोलू. रायगडात गल्लीबोळात लाल बावटा दिसतो तो शेतकरी कामगार पक्षाचा. 1947 साली निघाला. दिल्लीत कोणी त्याला मोठा समजत नाही, पण पेण, अलिबाग, उरण, पनवेल, रोहा इथे त्याचं वजन आहे. हा पक्ष शहरातून कोणी आणून इथे लावला नाही. त्याचं मूळ आपल्या मातीत आहे, पक्ष निघण्याच्या आधीचं. अलिबागजवळ चरी गाव आहे. तिथल्या कुळांनी 1933 ते 1939 अशी सहा वर्षं खोताची शेती कसायला नकार दिला. सहा वर्षं! आपण दोन दिवस कामावर गेलो नाही तर चूल पेटत नाही, त्यांनी सहा पावसाळे जमीन पड ठेवली. नारायण नागू पाटील त्यांचे पुढारी होते. डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्यांच्या पाठीशी उभे राहिले, 1937 साली मुंबईच्या कायदेमंडळात त्यांनी खोती मोडायचं बिल मांडलं. पुढे 1939 च्या कायद्यात कुळाला पहिल्यांदा संरक्षण मिळालं, 1948 चा कुळकायदा आला, आणि 1 एप्रिल 1957 ला कसेल त्याची जमीन झाली. कागदावर झाली आणि इथे कुलाबा जिल्ह्यात पुष्कळ ठिकाणी खरीच झाली, कारण मागे बावटा होता.

हे आम्ही मुद्दाम सांगतो. कोणी आपल्यातला उठून बोलतो की या पक्षाने काय केलं, तर आधी हे ऐकावं. ज्याने केलं त्याचं नाव घ्यायला लाज नको.

आता दुसरी बाजू. कसेल त्याची जमीन झाली, मग आपली का नाही झाली? आपला आजा कसत नव्हता काय?

कसत होता. पण दोन जागी कसत होता, आणि दोन्ही जागी त्याचं नाव नव्हतं. एक, खालच्या खाचरात. तिथे कूळ दुसरा होता, आपण त्या कुळाचे गडी. लावणीला, कापणीला, झोडणीला आपण, आणि सातबाऱ्यावर तो. कायदा कुळाला होता, गड्याला नव्हता. दोन, वर डोंगरात. दळीची जमीन. इंग्रजाने जंगल राखीव केलं तेव्हा या जिल्ह्यात कातकरी-ठाकरांना नाचणी-वरी करायला डोंगराचे तुकडे दिले, त्याला दळी बोलतात. दिले म्हणजे काय, तर सगळ्या गटाच्या वतीने एका मुखियाच्या नावाने लिहिलं, बाकीच्यांची गणतीच नाही. ती जमीन महसुलाची नाही, जंगल खात्याची. म्हणून कुळकायदा तिथे चढलाच नाही. सत्तरच्या दशकात सरकारने ठरवलं होतं की दळी कसणाऱ्याच्या नावावर करायची. फायली फिरत राहिल्या. तेवढ्यात 1980 चा वनसंवर्धन कायदा आला आणि जंगलाची जमीन द्यायची तर दिल्लीची परवानगी लागायला लागली. झालं. मुखिया मेला, त्याचा पोरगा मेला, नातू वीटभट्टीवर गेला, आणि दळी जंगल खात्याच्या नावावर तशीच.

एक आजी आम्हाला बोलली, “बावटा आमचाच रे, पण तो बांधावर उभा राह्यचा, आम्ही चिखलात.” याच्याहून नीट आम्हाला सांगता येणार नाही.

कोणी असंही समजू नये की लढायला आपले लोक मागे होते. 25 सप्टेंबर 1930 ला उरणकडे चिरनेरला जंगल सत्याग्रह झाला, गोळीबार झाला, त्यात नाग्या महादू कातकरी हुतात्मा झाला. चरीच्या संपाच्या आधी तीन वर्षं. जंगलाच्या कायद्याविरुद्ध पहिलं रक्त सांडणाऱ्यांत आपला माणूस आहे. पण त्याच्या नातवंडांच्या नावावर जंगल झालं नाही.

पुढचं भराभर सांगतो. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत हा पक्ष पुढे होता. 1970 नंतर नवी मुंबईसाठी सिडकोने ठाणे, पनवेल, उरणच्या 95 गावांची जमीन घ्यायला घेतली, तेव्हा दि. बा. पाटलांनी लढा उभा केला. जानेवारी 1984 मध्ये जासई-दास्तानला गोळीबार झाला, पाच जण गेले. त्यातून साडेबारा टक्के विकसित भूखंड परत द्यायची योजना आली. आता हिशोब करा, ज्याची जमीन गेली त्याला साडेबारा टक्के. ज्याची जमीनच नव्हती, जो त्या जमिनीवर मजुरी करायचा, खाडीत चिंबोरी धरायचा, त्याचे साडेबारा टक्के कशाचे? शून्याचे साडेबारा टक्के शून्यच.

मग सेझ. हे तर आपल्या डोळ्यादेखत झालं. महामुंबई सेझसाठी पेण, उरण, पनवेलची गावंच्या गावं घ्यायची ठरली. प्रा. एन. डी. पाटील म्हातारपणी गावोगाव फिरले. लाल बावटा होता, इतर संघटना होत्या, आपणही गेलो होतो. पेणच्या हेटवणे धरणाच्या लाभक्षेत्रातल्या 22 गावांत 21 सप्टेंबर 2008 ला सरकारला लोकांचं मत घ्यावं लागलं. जमीन द्यायची का नाही हे सरकारी अधिकाऱ्याने पेटी मांडून शेतकऱ्याला विचारायचं, असं आपण तरी कधी ऐकलं नव्हतं. गावंच्या गावं नाही बोलली. सेझ आला नाही.

आम्ही पण त्या दिवशी खूष होतो. पण रात्री घरी येताना एका पोराने विचारलं, आपण मत दिलं का? नाही दिलं. मत खातेदाराला होतं. ज्याच्या नावे सातबारा त्याला. आपल्या वाडीतली माणसं त्याच भाताची लावणी करतात, तीच जमीन गेली असती तर आपली दोन महिन्यांची मजुरी गेली असती, खाडीची मासळी गेली असती, पण विचारायला आपल्यापर्यंत कोणी आलं नाही. आणि खरं सांगू, आपण पण मागितलं नाही. मोर्च्यात आपली संख्या मोजली, पेटीजवळ नाही मोजली. हा दोष दुसऱ्याच्या माथी मारून चालणार नाही.

आता तुम्ही बोलाल, म्हणजे पोरांचंच बरोबर, आपलाच पक्ष काढू. थांबा. तेच सांगायला आम्ही एक लांबची गोष्ट आणली आहे.

युरोपात स्पेन देश आहे. त्याच्या पूर्वेला समुद्रात मायोर्का नावाचं बेट आहे. मुंबईच्या एका ताईंनी मागच्या शिबिरात त्याबद्दल सांगितलं, नंतर आम्ही कागद मागवून वाचलं. त्या देशात फ्रँको नावाच्या लष्करशहाची हुकूमशाही होती. बेटावरच्या लोकांची बोली कातालान, ती शाळेत चालत नव्हती. आपल्या पोरांना शाळेत काथोडी बोलल्यावर जसं हसतात, तिथे तर बंदीच. आणि बेटाचा किनारा हॉटेलवाल्यांनी घ्यायला सुरुवात केलेली. समुद्र चांगला, ऊन चांगलं, म्हणून परदेशी पाहुणे. बेटावर माणसं राहतात त्याच्या किती तरी पट पाहुणे दर वर्षी येतात. पाणी त्यांना, जमीन त्यांना, आणि बेटाची माणसं खोल्या झाडायला. आपल्या अलिबाग-मुरूडच्या किनाऱ्याला, फार्महाऊसवाल्यांच्या कुंपणाला जे ओळखतात त्यांना हे वेगळं सांगायला नको.

1975 मध्ये फ्रँको मेला. 1976 मध्ये तिथे एक पक्ष निघाला. डावा पक्ष, पण दिल्लीसारख्या तिथल्या माद्रिदच्या हुकमावर चालणारा नाही, बेटाचा स्वतःचा. त्यांचं बोलणं तीन गोष्टींचं: आमची बोली, आमची जमीन-समुद्र, आणि कष्टकऱ्याचा हक्क. ह्या तीन गोष्टी वेगळ्या नाहीत असं त्यांचं बोलणं. त्याच सुमाराला, 1977 मध्ये, ड्रागोनेरा नावाच्या एका छोट्या निर्जन बेटावर बंगले बांधायचा बेत होता. तरुण पोरं होडीने गेली आणि त्या बेटावर ठाण मांडून बसली. हे काम पक्षाचं नव्हतं हो, चळवळीच्या पोरांचं होतं. पुढे दहा वर्षं कज्जे चालले, पण 1987 मध्ये तिथल्या जिल्हा परिषदेसारख्या सभेने ते बेट विकत घेतलं आणि 1995 मध्ये ते राखीव उद्यान झालं. बंगले झाले नाहीत.

आता त्या पक्षाला मतं किती पडायची? शंभरात दहा-बारा. बस. तरी 1999 मध्ये तो दुसऱ्या पक्षांबरोबर सरकारात गेला. सरकारने काय केलं, तर येणाऱ्या पाहुण्यावर रात्रीला साधारण एक युरो कर बसवला आणि ते पैसे बिघडलेला निसर्ग राखायला वापरायचे ठरवले. 2002 मध्ये तो कर सुरू झाला. हॉटेलमालक चवताळले. 2003 च्या निवडणुकीत ते सरकार पडलं आणि नवीन सरकारने कर काढून टाकला. पुष्कळ वर्षांची मेहनत आणि कर टिकला दीड वर्ष. पण ड्रागोनेरा आहे अजून तिथेच.

ही गोष्ट ऐकून आमच्यातल्या एकाने लगेच टाळी वाजवली. बोलला, शंभरात बारा, म्हणजे आपल्याएवढेच! खरंच, रायगड जिल्ह्यात आदिवासी शंभरात बाराच्या आसपास आहेत. मग त्यांना जमतं तर आपल्याला का नाही?

इथे फरक आहे, तो नीट समजून घ्या. त्यांच्याकडे मतांच्या वाट्याप्रमाणे जागा मिळतात. शंभरात बारा मतं पडली की शंभरात बाराच्या हिशोबाने माणसं सभागृहात जातात. आपल्याकडे एका मतदारसंघात एकच निवडून येतो, ज्याला सगळ्यात जास्त पडली तो. आपले बारा जण सात मतदारसंघांत पसरलेले. पनवेल, कर्जत, उरण, पेण, अलिबाग, श्रीवर्धन, महाड, यातली एकही विधानसभेची जागा आदिवासींसाठी राखीव नाही. म्हणजे उद्या आपण पक्ष काढला आणि प्रत्येक कातकरी, ठाकर, महादेव कोळ्याने त्यालाच मत दिलं, तरी आमदार शून्य. आणि प्रत्येक जण देणारही नाही. मुकादमाची उचल अंगावर असलेला माणूस मुकादम सांगेल तिकडे जातो, हे आपण जाणतो. त्याला शिव्या देऊन उपयोग नाही, त्याची उचल फिटली पाहिजे.

अजून एक. ठाणे जिल्ह्यात, नाशिकला आदिवासींसाठी अनुसूचित क्षेत्र आहे, तिथे पेसा कायदा लागतो, ग्रामसभेला वेगळे अधिकार. रायगड त्या यादीत नाही. पेणला आदिवासी प्रकल्प कार्यालय आहे, पण क्षेत्र अनुसूचित नाही. म्हणजे ऑफिस आपलं आणि जमीन परक्याची, असा प्रकार.

म्हणून आमचं मत असं पडलं की विधानसभेसाठी पक्ष काढायचा विचार आज सोडावा. त्याच्या नादात दोन वर्षं जातील, चार पोरं पुढारी होतील, आणि वनहक्काचे दावे धूळ खात पडतील. काहींना हे पटणार नाही, त्यांनी नंतर उठून बोलावं, आम्ही ऐकू.

पण मग बावट्याला किंवा आणखी कोणाला मत द्यायचं तर फुकट द्यायचं काय? नाही. आणि खरी जागा वर नाही, खाली आहे. ग्रामपंचायतीत. तिथे वॉर्ड लहान असतो. दोन वाड्या एका वॉर्डात असल्या तर निवडून कोण येणार ते त्या दोन वाड्या ठरवतात. आदिवासींसाठी राखीव सदस्यपण असतं. आजपर्यंत काय झालं? राखीव जागेवर आपलाच माणूस येतो, पण त्याला उभा करतो गावातला शेट. फॉर्म त्याने भरायचा, डिपॉझिट त्याने द्यायचं, आणि मीटिंगमध्ये आपल्या बाईने सही नाही तर अंगठा मारून घरी यायचं. वाडीच्या पाण्याच्या टाकीचं नाव काढलं तर बोलतात, पुढच्या वेळी.

ग्रामपंचायत का महत्त्वाची, तर वनहक्क कायद्याची पहिली पायरी ग्रामसभा आहे. 2006 चा कायदा, 2008 च्या जानेवारीत नियम आले. 13 डिसेंबर 2005 च्या आधीपासून जंगलजमीन कसणाऱ्या आदिवासीला चार हेक्टरपर्यंत हक्क. दावा जातो ग्रामसभेच्या वनहक्क समितीकडे, तिथून प्रांताच्या उपविभागीय समितीकडे, मग जिल्हा समितीकडे. आणि आपली ग्रामसभा कशी? महसुली गावाची. गावात चारशे घरं, वाडी चाळीस घरांची. नियमाप्रमाणे कोरमला आधी दोन तृतीयांश माणसं लागायची, 2012 च्या दुरुस्तीपासून निम्मी तरी पाहिजेत. गावाला आपल्या दाव्याची काय पडली आहे? ती माणसं येतच नाहीत, सभा तहकूब, दावा लटकला. एका वाडीवर तीन वेळा असं झालं. चौथ्या वेळी सरपंचाने वहीवर सह्या फिरवून कोरम दाखवायची तयारी केली, पण त्याच्या बदल्यात बोलला, निवडणुकीत लक्षात ठेवा. असं हक्क विकत घ्यायचं असेल तर तो हक्क कसला? म्हणून आपली मागणी आहे, वाडीची वेगळी ग्रामसभा. चाळीस घरांची चाळीस घरं, आपला कोरम आपण भरू.

आणि दळीचं. याच कायद्याच्या कलम 3 मध्ये सरकारने पूर्वी पट्ट्याने दिलेल्या वनजमिनीचं मालकी हक्कात रूपांतर करायची तरतूद आहे. दळी तिच्यातच बसते असं आपलं बोलणं आहे. दळीदाराच्या सगळ्या वारसांची आणि गटातल्या सगळ्या घरांची नावं लावून दावा करायचा, नुसत्या मुखियाच्या नातवाचं नाही, नाही तर आपल्यातच खोत तयार होईल. दंडाच्या पावत्या घरात असतील त्या शोधा. कोंबडा देऊन मिटवलं त्याची पावती नसते, ते माहीत आहे, पण म्हाताऱ्या माणसाचा जबाब हाही पुरावा धरतात. आणि पडताळणी पुरी होईपर्यंत कोणाला उठवता येत नाही, हे कलम 4 मध्ये लिहिलेलं आहे. गार्ड आला तर भांडू नका, ते कलम वाचून दाखवा. झेरॉक्स सगळ्यांना दिली आहे.

आता पक्षांशी बोलायचं ते काय बोलायचं. आमचं म्हणणं, लाल बावट्याकडे पहिलं जायचं, कारण त्यांच्या घरात चरीचा इतिहास आहे, त्यांना लाज वाटेल असं बोलायची जागा तिथेच आहे. पण तीन गोष्टी लेखी मागायच्या. एक, वाडीच्या ग्रामसभेला त्यांच्या ताब्यातल्या ग्रामपंचायतींनी ठराव करून पाठिंबा द्यायचा. दोन, दळीच्या दाव्याला त्यांच्या माणसांनी हरकत घ्यायची नाही. काही ठिकाणी दळीवर खालच्या शेतकऱ्याने बांध सरकवला आहे आणि तो शेतकरी बावट्याचाच आहे, म्हणून हे आधी बोलून घ्यायचं. तीन, पाण्याचं. हेटवण्याचं पाणी नवी मुंबईला जातं, बाळगंगेचं पण तिकडेच न्यायचं आहे, आणि त्यात आपल्या वाड्या जाणार. सातबारा नसलेल्या घरालाही पुनर्वसनात मोजायचं, हे त्यांनी आपल्याबरोबर उभं राहून मागायचं. सेझच्या पेटीजवळ झालं ते परत नको.

रोह्याच्या लोकांनी चौथी गोष्ट घातली. धाटावच्या कारखान्यांचं पाणी कुंडलिकेत येतं, खाली मासळी मिळत नाही. इथे गाठ कठीण आहे, कारण पक्ष शेतकऱ्याचा आणि कामगाराचा, आणि कामगार त्याच कारखान्यात. मायोर्कात पण हीच अडचण, हॉटेल बंद पडलं तर खोल्या झाडणारी बाई घरी. आम्हाला याचं उत्तर सापडलं नाही. कारखाना बंद करा असं आपण बोलत नाही. पाणी साफ करून सोडा, आणि ते तपासताना आपल्या मासेमारी करणाऱ्या दोन बाया तिथे उभ्या पाहिजेत, एवढं बोलू. कामगारालाही कुंडलिकेच्याच काठी राहायचं आहे.

जो पक्ष हे लिहून देईल त्याच्याबरोबर त्या वॉर्डात जायचं. नाही दिलं तर वाडीने आपला माणूस आपल्या पैशाने उभा करायचा. डिपॉझिटची रक्कम घराघरातून गोळा करायची, शेटकडून एक रुपया नाही. पडला तरी चालेल, पण उभा आपला.

आता जेवणाला वेळ आहे. पेणच्या वाड्यांनी आंब्याखाली बसावं, रोह्याच्या वाड्यांनी शाळेच्या ओट्यावर. प्रत्येक वाडीने तीन गोष्टी कागदावर लिहायच्या: वॉर्डात आपली घरं किती, वनहक्क समितीत आपले किती, आणि दळीचा कागद कोणाच्या पेटीत आहे. लिहिता येत नाही त्यांच्याजवळ आम्ही बसतो. सुगंधी पान खाणाऱ्यांनी ओट्यावर थुंकू नये, शाळा उद्या भरायची आहे.